चवीपुरतं

१६ जानेवारी

कॉफी : नाही. लिंबाची साल : नाही. साबण : नाही. विझवलेली काडी : नाही.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी चार वस्तू हुंगायच्या आणि लिहून ठेवायचं. तापाला अडीच महिने झाले. आधी नाक गेलं, पाठोपाठ जीभ. वर्षभरात परत येईल किंवा येणार नाही, असं ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मीही सहज मान हलवली.

चार ‘नाही’ लिहिल्यावर पान रिकामंच राहतं, म्हणून बाकीचंही लिहिते.

आज कारखान्यातला शेवटचा दिवस होता. पाकिटातल्या सुपाचा कारखाना, चव विभाग, सतरा वर्षं. दोन कपांतला चिमूटभर मिठाचा फरक मी डोळे मिटून सांगायचे. सगळे मला ‘तराजू’ म्हणायचे. साहेब म्हणाले, पॅकिंगमध्ये जागा निघाली तर कळवतो. मैत्रिणींनी केक आणला होता. मऊ होता.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. “बरं,” म्हणाल्या. आमच्यात भांडण नाही, बोलणंही फारसं नाही. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. एकतीस वर्षं नाटकगृहाच्या खिडकीत बसून त्यांनी तिकिटं विकली. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं हृदय थकलंय असं सांगून मीठ बंद केलं. त्याच सुमारास त्यांच्या मुलाची बदली झाली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघी, आणि गॅसवर दोन पातेली : माझं मोठं, त्यांचं छोटं अळणी. रोज जेवायला बसताना त्या विचारतात, “दवाखाना वाढलास का?” हाच काय तो आमचा संवाद.

२१ जानेवारी

कॉफी : नाही. बाकी तीनही नाही.

खालच्या मजल्यावरची टेलरबाई फोन घेऊन वर आली. तिच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलेलं ॲप दाखवलं. लोक पैसे भरून अनोळखी माणसांच्या घरी जेवायला जातात. हॉटेल सोडून. चटई, डायनिंग टेबल, घरातली मांजर, सगळ्याचे फोटो. टेलरबाई म्हणाली, “तुझं टेबल आठ जणांचं आहे आणि बसता दोघी.”

मी म्हटलं, मला चव लागत नाही, मी काय लोकांना जेवू घालणार?

“सांगायचं कशाला? जिभेला हाड नसतं म्हणतात. तुझ्या जिभेला तर काहीच नाही, मग गप्प राहायला काय जातंय?”

मी अर्ज भरला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

२८ जानेवारी

ॲपवाली मुलगी तपासणीला आली. फ्रिज उघडला, कपाटं उघडली, नळाचं पाणी बाटलीत घेतलं, टेबल मोजलं. मग विचारलं, घरात कोण कोण? मी म्हटलं, दोघी. खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, “तिघं. एक कामासाठी बाहेर असतो.”

प्रत्येक यजमानाबद्दल दोन ओळी लागतात म्हणे. तिनंच लिहिल्या आणि वाचून दाखवल्या : ‘सासू आणि सून. एक स्वयंपाकघर, एक मन.’

सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, “एक स्वयंपाकघर, एवढं खरं आहे.”

मुलगी हसली. तिला वाटलं, गंमत केली.

१ फेब्रुवारी

आज तालीम. टोमॅटोचं सूप, तळलेले मासे, बटाट्याची भाजी, भात. मीठ-मसाला काट्यावर ग्रॅममध्ये मोजून घातला, कारखान्यासारखा. टेलरबाईला वाढलं. पहिल्या चमच्यालाच तिचा चेहरा शिवण उसवल्यासारखा झाला. “वाईट नाही,” म्हणाली, आणि पाणी प्यायली.

काट्याला टोमॅटो कळत नाही. आज पिकलेला, उद्या कच्चा.

मी पातेलं सिंककडे नेत होते तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “आण इकडे.”

“आई, तुम्हाला मीठ वर्ज्य आहे.”

“गिळतंय कोण? जिभेवर ठेवते आणि थुंकते.”

चमचा तोंडात घेतला, क्षणभर डोळे मिटले, सिंकमध्ये थुंकल्या, चूळ भरली. म्हणाल्या, मीठ अजून पाव चमचा. टोमॅटो कच्चा आहे, दहा मिनिटं उकळू दे. मासे टाकले तेव्हा तेल तापलं नव्हतं. भाजीत काहीतरी दोनदा पडलंय.

भाजीत मी मिरी खरंच दोनदा घातली होती. सतरा वर्षांत आमच्या विभागात अशी जीभ आली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं टेबल. सहा जण. एक जोडपं, तीन मैत्रिणी, एक एकटा माणूस.

दुपारी तीनपासून सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर. मी चमचा पुढे करायचा, त्यांनी चव घ्यायची, थुंकायची, सांगायचं. पाहुणे आल्यावर त्या टेबलाच्या टोकाला बसल्या आणि कारण नसताना बोलायला लागल्या. खिडकीतून त्यांना एकतीस वर्षं फक्त हात दिसायचे, त्यामुळे हातावरून माणूस ओळखतात. एकट्या माणसाला म्हणाल्या, तुमचं काम बारीक आहे आणि समोरचा माणूस ओरडतो. तो दातांचा डॉक्टर निघाला. सगळे हसले. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

शेवटचा पदार्थ पाहुणे बसल्यावर तयार झाला. सिंक टेबलावरून दिसतं. सासूबाईंनी चमचा घेतला, मान हलवली, आणि थुंकल्या नाहीत. मी पाहिलं. पाहिलं हे इथे लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

आता बुधवार आणि शनिवार, दोन्ही टेबलं भरतात. वस्तू हुंगायच्या राहून जातात. आज हुंगल्या. नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई दुपारी झोपल्या, त्यांना उठवावंसं वाटलं नाही. सुपावर घालायची साय मी स्वतःच घातली. पाहुण्यांपैकी एका काकूंनी चमचा खाली ठेवला. “हे आंबलंय का?”

मला काहीच वाटलं नाही, भीतीसुद्धा नाही. फक्त उभी राहिले. आतल्या खोलीतून सासूबाई केस सारखे करत आल्या, काकूंच्याच शेजारी बसल्या, एक चमचा सूप घेतलं, मग दुसरा, मग वाटीभर संपवलं. “आमच्या घरी हे असंच करतात,” म्हणाल्या. “आंबटपणा मुद्दाम असतो. पहिल्यांदा नाही आवडत.”

मग सगळ्यांनी संपवलं. दोघांनी पुन्हा मागितलं.

नंतर भांडी घासताना मी म्हटलं, तुम्ही वाटीभर प्यायलात. त्या म्हणाल्या, “मग काय, तुझं नाक कापू द्यायचं? आधीच कामातून गेलंय.” आणि हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

५ मार्च, रविवार

ॲपवर लोक काय लिहितात ते टेलरबाईनं वाचून दाखवलं. ‘सुपातला हलका आंबटपणा विसरता येत नाही.’ ‘या सासू-सुना एकमेकींशी बोलत नाहीत, नुसत्या नजरेनं स्वयंपाक करतात.’ सासूबाईंनी ते दुसरं दोनदा ऐकलं.

रविवार म्हणून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो दर रविवारी त्यांच्याशी दहा मिनिटं बोलतो, मग माझ्याशी दोन. मला म्हणाला, बाथरूमचा नळ गळतोय का अजून? मी म्हटलं, हो. म्हणाला, प्लंबरला सांग. येणार कधी, ते मी विचारत नाही. त्याच्याकडे काम फार असतं. मागून लहान मूल रडत होतं. तिथल्या भिंती पातळ आहेत असं तो म्हणतो.

१८ मार्च, शनिवार

सासूबाईंच्या चपला त्यांना होईनात. नव्या आणल्या, एक नंबर मोठ्या. टेलरबाई म्हणाली, “आजी, अंगाला लागलंय हो पाहुण्यांचं जेवण.” त्या खूश झाल्या. हल्ली स्वयंपाकघरात गुणगुणतात. छोट्या पातेल्यातलं अर्धं उरतं. म्हणतात, भूक मरते चव बघून बघून.

थुंकायचा विषय आता आम्ही दोघीही काढत नाही.

२ एप्रिल, रविवार

त्यांनी तिसरी उशी मागून घेतली. आडवं झालं की खोकला येतो. हवा बदलली असेल. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबतात आणि भिंतीवरचा टेलरबाईचा बोर्ड वाचत असल्यासारखं करतात.

कालपासून एक विचार डोक्यात येतोय, तो लिहून टाकते. मी त्यांना थांबवायला हवं का? चमचाभरानं काय होतं, असं त्या म्हणतात. पण चमचे किती, ते मी मोजत नाही. मोजणं हाच माझा धंदा होता. थांबवलं तर टेबल बंद होईल. आणि त्या पुन्हा खुर्चीत बसतील, मी पुन्हा ‘दवाखाना’ वाढेन. मला त्याचंही काही वाटणार नाही बहुतेक. मला हल्ली कशाचंच काही वाटत नाही. पण त्यांना वाटेल.

म्हणून पुढच्या आठवड्यात बोलते.

१५ एप्रिल, शनिवार

आठ पाहुणे. त्यांत एक नर्सबाई, जाडजूड, शांत. जेवण झाल्यावर सगळे कॉफी घेत होते तेव्हा ती सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि गप्पा मारता मारता त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. तिनं विचारलं, “किती उश्या घेता आजी?” त्यांनी तीन बोटं दाखवली.

दारात नर्सबाई मला म्हणाली, “उद्याच दाखवा. रविवार असला तरी.” मी हो म्हटलं. तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला. का, ते कळलं नाही.

१६ एप्रिल

सकाळी सहाला त्यांना श्वास घेता येईना. ओठ निळे. जिना उतरवायला ॲम्ब्युलन्सवाले दोघे आणि टेलरबाईचा नवरा. खुर्चीसकट उतरवलं.

फुप्फुसात पाणी झालंय.

१७ एप्रिल

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, वहीत लिहीत विचारतात. गोळ्या वेळेवर? हो. पाणी मोजून? हो. “मीठ?”

मी म्हटलं, “त्यांचं मी वेगळं शिजवते. बिनमिठाचं. तीन वर्षं.”

यातला एकही शब्द खोटा नाही. त्यांनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पान उलटलं.

त्यांच्या मुलाला फोन केला. निघतो म्हणाला.

१८ एप्रिल, मंगळवार

तो सकाळी आला. जाड झालाय, कानामागे केस पांढरे झालेत. आईच्या उशाशी उभा राहिला. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, “काय खाल्लं तिनं?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “मीच चोरून खात होते. हिला माहीत नव्हतं.” एवढं बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. नर्सनं मास्क परत लावला.

तो म्हणाला, मी घरी कळवून येतो, आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेला. मी विचार करत बसले, घरी तर कोणीच नाही, कोणाला कळवणार?

तो बराच वेळ आला नाही तेव्हा मी बाहेर गेले. बाकावर बसला होता. मी शेजारी बसले.

“त्या चोरून खात नव्हत्या,” मी म्हटलं. “मी देत होते. दर बुधवारी, दर शनिवारी. पाय सुजलेले मी पाहिले होते.”

“का?”

“मला चव लागत नाही.”

त्याला काही समजेना. मग सांगितलं : ताप, नाक, जीभ, कारखाना. पाच महिन्यांत त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी नाही, सासूबाईंनीही नाही. नळाचं मात्र त्याला माहीत होतं.

तो रागावेल असं वाटलं होतं. तो गुडघ्यांवर कोपरं ठेवून फरशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मलाही एक सांगायचं होतं. तिकडे माझी मुलगी आहे. दीड वर्षाची.”

मी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. चांगलं नाव आहे. दात आलेत का, विचारलं. बारा आले, म्हणाला. मुलीची आई शाळेत गणित शिकवते.

मला काही तरी व्हायला हवं होतं. मी वाट पाहिली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं, ते दोनदा वाचलं. मग दोघांसाठी कॉफी आणली. गरम होती.

२२ एप्रिल, शनिवार

आजचं टेबल रद्द. मागचा बुधवारही.

सासूबाईंचा मास्क निघाला. पाय उतरलेत. डॉक्टरीणबाईंनी आम्हां तिघांना समोर ठेवून समजावलं. सासूबाईंनी स्वतः विचारलं, “घरी जाऊन पुन्हा खाल्लं तर?”

“तर पुढच्या वेळी खुर्चीसकट उतरवायचीही वेळ मिळणार नाही, आजी.”

मी म्हटलं, मी टेबल बंद करते. सासूबाई म्हणाल्या, “बंद करून काय करशील? भिंतीकडे बघशील?” मग बराच वेळ माझ्याकडेच बघत होत्या. मी त्यांची रुग्णालयातली थाळी पुढे ओढली, भात कालवला, आणि सवयीनं चमचा त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनीही सवयीनं तोंड उघडलं, जिभेवर घेतला, डोळे मिटले. मग डोळे उघडून मुलाकडे वळल्या.

“मला नातीकडे घेऊन चल.”

तो दचकला. “तुला कोणी सांगितलं?”

“दर रविवारी फोनवर रडते. मी काय बहिरी आहे?” मग म्हणाल्या, “मला आता तिथेच राहायचंय. म्हातारपणी नातवंडं हवीत माणसाला.”

तर त्यांना सगळं माहीत होतं. किती दिवस, ते मी विचारलं नाही. साहजिक आहे. एकोणीस वर्षांत माझ्याकडून त्यांना नातवंड मिळालं नाही. रक्ताचं ते रक्ताचं, सून काय, परक्या घरची. मी घरी येऊन त्यांच्या कपड्यांची बॅग भरली.

२५ एप्रिल

त्या गेल्या. छोट्या पातेल्यात काय काय शिजवायचं, ते मी दोन पानं लिहून त्याच्या हातात दिलं. गोळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सासूबाई घर बघायला वर आल्याच नाहीत, तिसरा मजला झेपत नाही म्हणाल्या. खाली गाडीतच बसून होत्या.

मी काच खाली करायला लावून पांघरूण सारखं केलं. त्या समोर बघत म्हणाल्या, “आता चव बघायला कोणाला बोलावू नकोस. अंदाजानं कर. अंदाजाला कोणाचं काळीज लागत नाही.”

जाताना तरी चार शब्द बरे बोलतील असं वाटलं होतं. बरोबर आहे म्हणा, चूक माझीच होती.

टेलरबाई इमारतीच्या दारातून बघत होती. गाडी वळल्यावर म्हणाली, “तीन वर्षं तू केलंस, आणि पोरगा दिसला की निघाल्या. खाल्ल्या मिठाला जागल्या नाहीत.” मग आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

२९ एप्रिल, शनिवार

टेबल लावलं. काट्यावर मोजून. पाच जण. शांतपणे जेवले. एकीनं विचारलं, फोटोतल्या आजी कुठे आहेत? मी म्हटलं, मुलाकडे गेल्यात. ‘छान,’ म्हणाली.

ॲपवर लिहिलंय : ‘सगळं ठीक होतं.’

३ मे

आजही ठीक.

७ मे, रविवार

फोन त्यानं केला. आज मला आधी.

आई जेवत नाही, म्हणाला. नातीला मांडीवर घेते, तिला हातांवरून काय काय सांगते, तिच्याशी सगळं बरं आहे. पण ताटावर बसली की दोन घास, आणि भूक नाही. वजन उतरतंय. तिथल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही.

“तुझ्या दोन पानांप्रमाणेच मुलीची आई करते सगळं, तंतोतंत. तू अजून काय घालायचीस त्यात?”

मी आठवून पाहिलं. “काहीच नाही,” म्हटलं.

“मग?”

मला माहीत नव्हतं. मी त्याला म्हटलं, बुधवारी येते.

१० मे, बुधवार

बुधवारचं टेबल रद्द केलं. ॲप कारण विचारतं : आजारपण, प्रवास, घरी पाहुणे, इतर. ‘प्रवास’वर टिक केली.

पहाटे त्यांचं जेवण शिजवलं, डब्यात भरलं. बसला साडेचार तास लागले. शेवटचा तास खिडकीबाहेर नुसत्या गोदामांच्या भिंती होत्या. तो स्टँडवर आला होता. वाटेत त्यानं फक्त एवढं सांगितलं, की ती सकाळपासून स्वयंपाकघरात आहे, तुझ्या चव विभागाचं मी तिला पूर्वी सांगितलं होतं, म्हणून घाबरलीय. नाक-जीभ गेल्याचं तिला सांगितलं नाही, म्हणाला. तुला सांगायचं असेल तर सांग.

दार तिनंच उघडलं. माझ्यापेक्षा बुटकी, चष्मा, बाहीला पीठ लागलेलं. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते आठवेना. ती म्हणाली, “या. जेवूनच घ्या आधी, उशीर झालाय तुम्हाला.” आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत डबा आहे हे मी सांगितलं नाही.

टेबल चौघांचं. मुलगी उंच खुर्चीत, चमच्यानं टेबल बडवत होती. तिचे हात सासूबाईंसारखे आहेत, बोटं टोकाला चपटी. सासूबाई भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. गालांची हाडं वर आली होती. मला बघून म्हणाल्या, “जाड झालीस.” मी झाले नाहीये.

तिनं वाढलं. भात, मासे, एक भाजी, सूप. सासूबाईंना त्यांच्या छोट्या पातेल्यातलं वेगळं, माझ्या दोन पानांप्रमाणे. सासूबाईंनी हात मांडीवरून वर घेतलेच नाहीत. ती बसली नाही, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. तो भाताकडे बघत होता.

मी सुपाचा चमचा तोंडात घेतला.

“मीठ बरोबर आहे ना?” तिनं विचारलं. वर्गात फळ्यासमोर उभं केल्यासारखा आवाज होता. “खरं सांगा हं. मला सवय नाही तुमच्यासारखी.”

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला चव लागत नाही, हे या घरात दोघांना माहीत होतं आणि तिला नव्हतं. सांगितलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. नुसतं जेवण बाजूला सारलं असतं तरी कोणी मला नावं ठेवली नसती. मला वाटतं, मी जेवते का, तेवढ्यासाठीच सासूबाई थांबल्या होत्या. पण नक्की माहीत नाही. त्यांच्या मनातलं मला कधी कळलेलं नाही.

मी कारखान्यात करायचे तसे डोळे मिटले. सूप जिभेच्या टोकावर, मग कडांना, मग मागे. ऊन होतं. घट्ट होतं. गुठळी एकही नव्हती. कोणी तरी ते बराच वेळ, न थांबता ढवळलं होतं. एवढं मला कळलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “काही बदलू नका.”

ती पहिल्यांदा खुर्चीत बसली. चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसायला लागली, आणि बराच वेळ पुसत राहिली.

सासूबाईंनी ताट स्वतःकडे ओढलं. भात कालवला, घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तिला म्हणाल्या, “उद्यापासून भाजी जरा बारीक चीर. दात नाहीत मला.” ती हो म्हणाली.

मग सगळे जेवत होतो. मी सूप संपवलं आणि वाटी पुढे केली. ती उठायला लागली, तिला बस म्हटलं, आणि पातेलं जवळ ओढून माझं मीच आणखी वाढून घेतलं.